गाळातल्या नव्या प्रजातीच्या मागावर : सातारा ते वेलदूर

शुक्रवार

गेल्या हिवाळ्यात दाभोळ खाडीच्या मुखाबाहेरून आणलेल्या गाळातून साताऱ्याच्या आमच्या प्रयोगशाळेत एक नारिंगी जीवाणू वेगळा झाला. नोंदवहीत त्याला 'वेल-१४' असा क्रमांक मिळाला आणि आजवर तेवढीच त्याची ओळख आहे. त्याच्या १६एस आरआरएनए या ओळख पटवणाऱ्या जनुकाचा क्रम ज्ञात प्रजातींशी ताडून पाहिला, तेव्हा सर्वांत जवळच्या नातेवाइकाशी त्याचे साम्य ९७ टक्क्यांच्या आसपास भरले. ही प्रजाती नवी असू शकते, असे म्हणायला एवढे पुरते. ती नवी आहे असे म्हणायला मात्र एवढे अजिबात पुरत नाही. शिवाय आमच्या हातात एकच स्ट्रेन, म्हणजे एका पेशीपासून वाढवलेला एकच वाण, होता. आजही जीवाणूंच्या बहुसंख्य नव्या प्रजातींचे वर्णन एकाच स्ट्रेनवरून होते आणि नियमांना ते मान्यही आहे, पण एका स्ट्रेनवरून प्रजातीचे गुणधर्म सांगणे मला पटत नाही. त्या एकाच्या अंगचा एखादा विक्षेप सगळ्या प्रजातीच्या माथी मारला जाण्याची शक्यता त्यात राहते. म्हणून त्याच जागी, त्याच ऋतूत जाऊन पुन्हा गाळ आणायचा आणि या जीवाणूची भावंडे सापडतात का ते पाहायचे, एवढ्यासाठी हा प्रवास ठरला. बरोबर एक सहकारी, एक एम.एस्सी.ची विद्यार्थिनी आणि गाडीचे चालक असे आम्ही निघालो.

सामानात कपडे कमी आणि सिरिंजा जास्त होत्या. दहा मिलिलिटरच्या प्लॅस्टिक सिरिंजचे टोक धारदार पात्याने कापून टाकले की गाळाचा उभा तुकडा काढण्याचे उत्तम साधन हाती येते. बाजारात यासाठी महागडी उपकरणे मिळतात, पण उथळ किनाऱ्यावरच्या कामाला ही सिरिंज पुरते. कापलेल्या सिरिंजा निर्जंतुक करून पाकिटांत बंद केल्या होत्या. त्यांच्याबरोबर स्पिरिट, लेबले, पाण्याने न पुसली जाणारी पेने, क्षारता मोजायचे रिफ्रॅक्टोमीटर, बर्फाच्या दोन पेट्या आणि कराडच्या एका फॅब्रिकेटरकडून करून घेतलेला व्हॅन व्हीन ग्रॅब होता. समुद्राच्या तळावर पडताच दोन जबडे मिटून गाळ उचलणारे हे उपकरण योहान व्हॅन व्हीन या डच अभियंत्याने १९३३ मध्ये घडवले आणि आजही त्याच्या रचनेत फारसा फरक पडलेला नाही.

उंब्रजला महामार्ग सोडून मल्हारपेठमार्गे पाटणच्या रस्त्याला लागलो. गाळपाचा हंगाम भरात होता. उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर एकामागे एक चालले होते आणि त्यांना ओलांडण्यात बराच वेळ गेला. कोयनानगरला चहासाठी थांबलो. तिथे विद्यार्थिनीने सहज विचारले, की कोयनेच्या पाण्याचा आपल्या गाळाशी काही संबंध असेल का. तो चांगलाच आहे. कोयना ही वास्तविक पूर्ववाहिनी नदी, कराडला प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागराकडे जाणारी. धरणामुळे तिचे पुष्कळ पाणी शिवसागर जलाशयातून सह्याद्रीच्या पोटातील बोगद्यांवाटे पश्चिमेला वळते, वीजनिर्मितीनंतर वाशिष्ठीत येते आणि दाभोळच्या खाडीतून अरबी समुद्राला मिळते. कृष्णा पाणीवाटप लवादाने या पश्चिमेकडील वापरासाठी वर्षाला ६७.५ टीएमसी इतकी मर्यादा घातलेली आहे. परिणामी ऐन उन्हाळ्यातही वाशिष्ठीला पाणी असते आणि खाडीच्या वरच्या भागातील क्षारता इतर खाड्यांसारखी चढत नाही. आमचा जीवाणू खरोखर समुद्रातला, की नदीबरोबर वाहत येऊन तिथे अडकलेला, हा प्रश्न त्यामुळे या खाडीत अधिक काटेकोरपणे विचारावा लागतो. साताऱ्याच्या डोंगरातले पाणी आमच्या आधीच तिथे पोचलेले असते, ही यातली गंमत.

कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला जेवलो आणि मार्गताम्हाने, शृंगारतळीवरून गुहागरला पोचेपर्यंत दुपार कलली होती. मुक्कामाची सोय पाहून तसेच वेलदूरला गेलो. ज्यांच्या होडीतून जायचे होते त्या तांडेलमामांनी पंचांग न उघडताच वेळ सांगितली. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा कोकणातला जुना हिशेब आहे. उद्या वद्य द्वितीया, दोनाची पाऊणपट दीड, म्हणून दीड वाजता पूर्ण भरती आणि तिच्या सहा तास आधी, सकाळी साडेसातच्या सुमारास, पूर्ण सुकती. "सुकतीबरोबर भायेर जायचा नि भरतीबरोबर घरात यायचा, म्हंजे इंजिनाला त्रास नाय," असे त्यांनी सांगितले आणि सहाला धक्क्यावर यायला बजावले. मोबाइलमधल्या भरतीच्या तक्त्याशी मी वेळ ताडून पाहिली. फरक अर्ध्या तासाच्याही आत होता.

शनिवार

अंधारातच होडी सुटली. डाव्या हाताला गोपाळगडाची तटबंदी आणि एकेकाळी एन्रॉनच्या नावाने गाजलेल्या वीजप्रकल्पाचे दिवे होते. अंजनवेलचे दीपगृह मागे टाकून आम्ही मुखाबाहेर आलो तेव्हा उजाडत होते. गेल्या वेळच्या जागेचे अक्षांश-रेखांश माझ्याकडे होते, तरी मामांनी दीपगृह आणि पलीकडच्या डोंगराची सोंड यांची रेघ धरून होडी जिथे थांबवली, ती जागा जीपीएसवर पाहिली तर अगदी जवळ निघाली. पाणी सहा वाव खोल होते. तळाला चिखल आहे, रेव थोडी दक्षिणेला आणि खडप किनाऱ्याच्या अंगाला, हेही त्यांनी न विचारता सांगितले. ते पुढे तंतोतंत खरे ठरले.

ग्रॅब सोडला, दोर ढिला पडला, झटका देऊन ओढून घेतला. पहिल्या खेपेला जबड्यात शिंपला अडकला आणि गाळ वाटेतच धुऊन गेला. दुसऱ्या खेपेला जबडे नीट मिटले. वरची झडप उघडल्यावर जे दिसले ते थोडे सविस्तर सांगण्यासारखे आहे, कारण या विषयाचे निम्मे मर्म त्या वीतभर चिखलात आहे. सर्वांत वर फिकट तपकिरी, जवळजवळ सायीइतका पातळ थर होता. त्याखाली रंग राखाडी होत गेला आणि दोन बोटांवर तो काळा झाला. सिरिंज आत खोचून बाहेर काढली तेव्हा हे तिन्ही रंग एकाखाली एक स्वच्छ दिसत होते आणि काळ्या भागातून सडक्या अंड्याचा वास येत होता. वरच्या थरातील जीवाणू प्राणवायू इतक्या झपाट्याने वापरतात, की अशा किनारी चिखलात तो काही मिलिमीटरच्या पलीकडे पोचतच नाही. त्याखाली राहणाऱ्यांना श्वसनासाठी दुसरे काही शोधावे लागते. आधी नायट्रेट, मग मँगनीज आणि लोह, आणि शेवटी समुद्राच्या पाण्यात मुबलक असलेले सल्फेट. सल्फेटापासून हायड्रोजन सल्फाइड होतो, तो वास त्याचा. तोच लोहाशी संयोग पावला की काळा आयर्न सल्फाइड होतो. दख्खनच्या बेसॉल्टच्या झिजेतून आलेल्या या गाळात लोहाला तोटा नाही.

अशा एका ग्रॅम गाळात साधारण दहा कोटींपासून शंभर कोटींपर्यंत जीवाणू असतात. त्यांतले फार थोडे, बहुधा एक टक्क्याहूनही कमी, प्रयोगशाळेच्या प्लेटवर वाढतात. सूक्ष्मदर्शकाखाली मोजलेली संख्या आणि प्लेटवर उगवलेली संख्या यांतील या प्रचंड तफावतीला स्टॅली आणि कोनोप्का या संशोधकांनी १९८५ मध्ये नाव दिले आणि तेव्हापासून ती या शास्त्राची दुखरी जागा झाली आहे. गाळातल्या जीवाणूंविषयी आपण किती अंधारात होतो, याचे एक उदाहरण मला नेहमी आठवते. नामिबियाच्या किनाऱ्यालगतच्या गाळात हाइडे शुल्झ यांना १९९७ मध्ये पाऊण मिलिमीटरपर्यंत वाढणारा, म्हणजे नुसत्या डोळ्यांना दिसणारा जीवाणू मिळाला. थायोमार्गारिटा नामिबिएन्सिस हे त्याचे नाव. इतका मोठा जीवाणू विसावे शतक संपत आले तरी कोणाला दिसला नव्हता. कारण साधे आहे, गाळात कोणी त्या नजरेने पाहिलेच नव्हते.

ग्रॅबच्या धातूला न टेकलेल्या मधल्या भागातूनच नमुने घेतले. तपकिरी थराचे वेगळे, राखाडीचे वेगळे आणि काळ्याचे वेगळे. वेल-१४ वरच्या दोन थरांच्या सीमेवरून आला होता, म्हणून तिथले जास्त घेतले. तळालगतच्या पाण्याची क्षारता हजारी ३४ भरली, म्हणजे निखळ समुद्राची. दोन मोठे कॅन भरून समुद्राचे पाणीही घेतले. मामांच्या मुलाला त्याचे फार नवल वाटले. चिखल नेणारे त्याने पूर्वी पाहिले होते, खारे पाणी घाटावर नेणारे पाहिले नव्हते. हा जीवाणू माणसाला बाधतो का, हा त्याचा पुढचा प्रश्न मात्र रास्त होता. तसे वाटण्याजोगे काही आजवर दिसलेले नाही, पण ते तपासल्याखेरीज प्रजातीचे वर्णन पूर्ण होत नाही, असे मी सांगितले. साताऱ्याचे कंदी पेढे त्याच्या हाती दिल्यावर चौकशी थांबली.

संध्याकाळी गुहागरच्या खोलीवर ज्याची वाट पाहत होतो तो मेल आला. वेल-१४ च्या संपूर्ण जीनोमची जवळच्या प्रजातींच्या जीनोमशी केलेली तुलना त्यात होती. १६एस जनुक साधारण दीड हजार अक्षरांचे आहे आणि ते सगळ्या जीवाणूंत असते. कार्ल वूज यांनी १९७७ मध्ये याच आरएनएच्या आधारे सजीवांच्या वर्गीकरणाची उलथापालथ केली, म्हणून ओळखीची पहिली पायरी तेच. पण ते इतके सावकाश बदलते, की दोन निरनिराळ्या प्रजातींतही जवळजवळ सारखे असू शकते. आडनाव जुळले म्हणून भावकी ठरत नाही, तसेच हे आहे. आधी ९७ टक्के ही सीमारेषा मानत. २०१४ नंतर ती ९८.६५ टक्क्यांच्या आसपास आली. साम्य याहून कमी असेल तर प्रजाती वेगळी असण्याचा संभव मोठा. साम्य जास्त असेल, तर जीनोम पाहिल्याशिवाय बोलता येत नाही. जीनोमच्या सरासरी साम्याला एएनआय म्हणतात. ते ९५ ते ९६ टक्क्यांच्या खाली गेले की प्रजाती वेगळी मानतात. १९८७ पासून रूढ असलेल्या डीएनए-डीएनए संकरणाच्या ७० टक्क्यांच्या कसोटीशी ही रेषा बरोबर जुळते, आणि म्हणूनच ती स्वीकारली गेली.

आमचे एएनआय ८० च्या घरात होते. सहकाऱ्याचा चेहरा उजळला. माझे लक्ष मात्र मेलच्या शेवटच्या ओळीकडे गेले. या वंशातील अलीकडे वर्णन झालेल्या एका प्रजातीचा जीनोम सार्वजनिक संग्रहात उपलब्ध नव्हता आणि त्यामुळे ती या तुलनेत नव्हतीच. आजवर ज्ञात असलेल्यांपैकी हा कोणीही नाही, इतकाच नव्या प्रजातीचा दावा असतो. त्यामुळे एक नातेवाईक जरी तपासायचा राहिला तरी दावा अपुरा राहतो. त्या प्रजातीचा टाइप स्ट्रेन, म्हणजे तिचा प्रमाण मानलेला स्ट्रेन, परदेशी संग्रहातून मागवून त्याचा जीनोम आपणच काढायचा, असे रात्री ठरले. पैसे कुठून आणायचे हे ठरले नाही.

रविवार

तृतीयेची सुकती सव्वाआठला. आज मुखापासून खाडीत आत आत जात तीन ठिकाणी गाळ घेतला, कारण हा जीवाणू गोडसर पाण्याच्या भागातही आहे की नाही हे पाहायचे होते. धोपाव्याच्या जेट्टीवरून दाभोळला जाणारी फेरी गाड्या भरून घेत होती. आम्ही तिला वळसा घालून वर गेलो. आत क्षारता भराभर उतरली आणि शेवटच्या ठिकाणी ती समुद्राच्या निम्म्याहूनही कमी होती. तिथे कांदळवनाच्या कडेला खाजणात उतरलो, तर पाय पोटरीपर्यंत रुतले. मुळे, म्हणजे शिंपल्या, काढणाऱ्या दोघी मावश्या त्याच चिखलात सहज फिरत होत्या. पाय टेकताना टाच आधी टेकायची नाही, हे त्यांनी शिकवले आणि पुढचे काम सोपे झाले.

कांदळाच्या कुजक्या पानांकडे पाहताना विद्यार्थिनीला २०२२ सालची बातमी आठवली. कॅरिबियन समुद्रातील ग्वादलूप बेटावर कांदळवनातील बुडालेल्या पानांवर सुमारे एक सेंटिमीटर लांबीचा जीवाणू मिळाला होता. तो थायोमार्गारिटाच्याच वंशातला. जीवाणूंच्या नामकरणातला एक विचित्र नियम त्या निमित्ताने बोलण्यात आला. हा एवढा मोठा, चिमट्याने उचलता येणारा जीव, पण प्रयोगशाळेत शुद्ध स्वरूपात वाढवता येत नाही म्हणून त्याच्या नावाआधी 'कँडिडेटस', म्हणजे उमेदवार, असे लावावे लागते. आंतरराष्ट्रीय नियमावलीनुसार वैध नावासाठी जिवंत टाइप स्ट्रेन लागतो आणि २००१ पासून तो किमान दोन वेगवेगळ्या देशांतील सार्वजनिक संग्रहांत ठेवावा लागतो. न वाढणाऱ्यांना केवळ जीनोमच्या आधारे नाव देण्यासाठी २०२२ मध्ये 'सीक्कोड' ही निराळी नियमावली निघाली, पण दोन नियमावल्यांचा संसार अजून नीट बसलेला नाही. आमचा जीवाणू डोळ्यांना दिसत नसला तरी साताऱ्यात वाढतो, एवढे त्याचे भाग्य.

परतीच्या वाटेवर बर्फ हीच एक काळजी होती. गाळ चार अंश सेल्सिअसच्या आसपास थंड राहायला हवा, पण गोठता कामा नये, कारण गोठण्याने पेशी फुटतात. चिपळूणच्या मासळी बाजारातून बर्फ भरून घेतला, नमुन्यांच्या नळ्या वर्तमानपत्रात गुंडाळून त्यावर ठेवल्या आणि पाटणला उतरून एकदा तापमान पाहिले. घाटात फारसे थांबलो नाही. रात्री उशिरा नमुने प्रयोगशाळेच्या फ्रीजमध्ये गेले.

सोमवार

आजचा प्रवास फ्रीजपासून लॅमिनारपर्यंतचा, म्हणजे निर्जंतुक हवेच्या कपाटापर्यंतचा, होता आणि माझ्या लेखी तोच सर्वांत महत्त्वाचा. समुद्री जीवाणूंसाठी जगभर वापरले जाणारे माध्यम क्लॉड झोबेल यांनी १९४१ मध्ये प्रसिद्ध केले. त्याचा क्रमांक २२१६ आजही बाटलीवर छापलेला असतो. एका लिटरला पाच ग्रॅम पेप्टोन, एक ग्रॅम यीस्ट अर्क, किंचित फेरिक सायट्रेट आणि बाकी समुद्राचे क्षार, अशी त्याची घडण आहे. हे माध्यम मला गरजेपेक्षा श्रीमंत वाटते. उपासमारीला सरावलेल्या गाळातल्या जीवाणूंपुढे एवढे ताट वाढले की त्यातले दांडगे तेवढे फोफावतात आणि सावकाश वाढणारे त्यांच्याखाली गाडले जातात. म्हणून आम्ही अन्नद्रव्ये एक दशांश ठेवतो आणि उरलेली भर वेलदूरहून आणलेल्या, गाळून निर्जंतुक केलेल्या पाण्याने घालतो. ते दोन कॅन त्यासाठी होते.

गाळ निर्जंतुक समुद्रजलात ढवळायचा, दहापट, शंभरपट, हजारपट पातळ करायचा आणि प्रत्येक पातळीचा थेंब प्लेटवर पसरायचा, हे काम विद्यार्थिनीने दिवसभर न कंटाळता केले. प्लेटा पंचवीस अंशांवर ठेवल्या आणि त्या सुकू नयेत म्हणून पिशव्यांत बंद केल्या. नवख्याला सांगूनही पटत नाही, पण नव्या प्रजाती सापडतात त्या फार करून तिसऱ्या दिवशी प्लेट फेकून न देणाऱ्यांना.

दुसऱ्या टेबलावर मी जुन्या वेल-१४ च्या राहिलेल्या चाचण्या घेतल्या. काचपट्टीवर वसाहतीचा टाचणीच्या डोक्याएवढा अंश घेतला आणि त्यावर २० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब सोडला. फ्लेव्होबॅक्टेरिएसी या त्याच्या कुळातील अनेक जीवाणूंत फ्लेक्सिरुबिन नावाचे रंगद्रव्य असते आणि ते असेल तर नारिंगी रंग पाहता पाहता लालसर तपकिरी होतो. पांढऱ्या कागदावर पट्टी ठेवून पाहत राहिलो. थेंब गढूळ झाला, लाळेसारखी तार सुटली, पण नारिंगी तो नारिंगीच राहिला. फ्लेक्सिरुबिन नाही. मग मिथेनॉलमध्ये रंग उतरवून स्पेक्ट्रोफोटोमीटरवर पाहिला तर ४५० नॅनोमीटरजवळ शिखर आणि पुढे ४८० च्या आसपास खांदा आला. ही कॅरोटिनॉइडची ओळख आहे. समुद्रातल्या फ्लेव्होबॅक्टेरिएसी कुळात हे अपेक्षितच होते. मिठाची चाचणी जास्त बोलकी ठरली. मीठ नसलेल्या माध्यमात वाढ शून्य, दोन-तीन टक्क्यांना उत्तम. सोडियम क्लोराइडच्या जागी तेवढेच पोटॅशियम क्लोराइड घातले तर पुन्हा शून्य. म्हणजे त्याला नुसता खारेपणा नको आहे, सोडियमच हवा आहे. नदीतून वाहत आलेल्या जीवाणूची ही लक्षणे नव्हेत. कोयनेच्या पाण्याविषयीच्या शंकेचे अर्धे उत्तर इथे मिळाले. उरलेले अर्धे खाडीच्या वरच्या गाळाच्या प्लेटांवर अवलंबून होते.

मंगळवार आणि बुधवार

अपेक्षेप्रमाणे दांडगे आधी आले. पसरट, पांढुरक्या, कडा फाटलेल्या बॅसिलसच्या वसाहती, काही चकचकीत व्हिब्रिओ. त्यांच्या जागा प्लेटच्या पाठीवर खुणा करून टिपल्या आणि प्लेटा परत ठेवल्या. या दोन दिवसांविषयी आणखी लिहिण्यासारखे काही नाही.

गुरुवार

पहाटेच्या एसटीने पुण्याला गेलो. राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या अखत्यारीतील, एनसीएमआर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सूक्ष्मजीव संग्रहात वेल-१४ जमा करायचा होता. स्लँटवरची (नळीत तिरक्या गोठवलेल्या माध्यमावरची) ताजी वाढ, शुद्धतेचा पुरावा, १६एसचा क्रम आणि नमुना कुठून, कोणत्या खोलीवरून घेतला याची माहिती, एवढे बरोबर नेले होते. २००२ च्या जैवविविधता कायद्यामुळे भारतातला जैविक नमुना परदेशी संग्रहाकडे पाठवण्यापूर्वी चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाच्या प्रक्रियेतून जावे लागते, तर नामकरणाची नियमावली दुसऱ्या देशातील संग्रहाचा आग्रह धरते. दोन्ही नियम आपापल्या जागी योग्य आहेत. गाळ आपला असताना त्यातून उद्या एखादे औषध निघाले तर आपल्याला कळायला हवे, आणि आपला दावा जगातल्या कोणालाही तपासून पाहता यायला हवा. दोन्हींच्या मधल्या कागदपत्रांसाठी मात्र गाळ काढण्यापेक्षा जास्त दिवस जातात, हे इथे नोंदवून ठेवतो.

त्याच फेरीत एका परिचित प्रयोगशाळेत माल्डी-टॉफ यंत्रावर वेल-१४ लावून पाहिला. पेशीतील प्रथिनांच्या वजनांचा ठसा काढून तो संग्रहातील ठशांशी जुळवणारे हे यंत्र रुग्णालयांत हल्ली सर्रास वापरले जाते. त्याच्या गुणांकनात दोन किंवा त्याहून जास्त आले तर प्रजाती पक्की धरतात. १.७ च्या खाली आले तर ओळख पटली नाही असे समजायचे. आमचे १.७ च्या बरेच खाली आले. तिथल्या तरुण तंत्रज्ञाने "म्हणजे नवीनच की सर!" असे म्हटले, पण त्याचे अभिनंदन मला स्वीकारता आले नाही. या यंत्राच्या संग्रहात मुख्यतः रोगकारक जीवाणूंचे ठसे असतात. समुद्राच्या गाळातल्या जुन्या, नामांकित रहिवाशांनाही ते ओळखत नाही. यंत्राला ओळखता न येणे आणि शास्त्राला अज्ञात असणे यांत फार अंतर आहे.

परतीच्या गाडीत याच संदर्भात बॅसिलस आर्यभटाई आठवला. हैदराबादहून सोडलेल्या बलूनने स्थितांबरातून आणलेल्या हवेच्या नमुन्यांत तीन नव्या प्रजाती मिळाल्याची बातमी २००९ मध्ये मराठी वृत्तपत्रांतूनही गाजली होती. आर्यभट, इस्रो आणि फ्रेड हॉइल यांची नावे त्यांना दिली गेली. त्या वेळच्या कसोट्यांवर काम चोख होते. पुढे जीनोमच्या आधारे पाहिल्यावर आर्यभटाई ही आधीपासून ज्ञात असलेल्या मेगाटेरियम या प्रजातीहून वेगळी नाही, असे २०१९ मध्ये मांडले गेले. यात कोणाचे हसे होण्याचे कारण नाही. मोजपट्टी बारीक झाली की सीमारेषा सरकतात. पण ज्याला आज नवी प्रजाती जाहीर करायची आहे, त्याने हे प्रकरण समोर ठेवून एक-दोन महिने उशीर सोसावा, असे माझे मत झाले आहे.

पुढचा बुधवार

प्लेटा भरून नऊ दिवस झाले होते. सकाळी विद्यार्थिनीने पिशवीतून त्या काढल्या तेव्हा मुखाबाहेरच्या गाळाच्या, हजारपट पातळ केलेल्या प्लेटवर खसखशीएवढ्या नारिंगी वसाहती आल्या होत्या. फुगीर, कडा गुळगुळीत, लूपची तार लावली तर किंचित चिकट. त्याच थराच्या आणखी दोन प्लेटांवरही तुरळक दिसल्या. खाडीच्या वरच्या भागातील गाळाच्या प्लेटांवर एकही नव्हती. नकारार्थी पुराव्यावर फार भार टाकू नये, प्लेटवर न येणे म्हणजे गाळात नसणे नव्हे. तरीही सोडियमच्या चाचणीशी हे चित्र जुळते.

रंग सारखा म्हणून जीवाणू तोच असे होत नाही. या कुळात नारिंगी वसाहती पैशाला पासरी मिळतात. म्हणून प्रत्येक वसाहत दोनदा रेखून शुद्ध केली, डीएनए काढला आणि जीनोममधील पुनरावृत्त तुकड्यांवर आधारित पीसीआरने प्रत्येकीचा ठसा घेतला. या ठशांतून दोन गोष्टी एकदम पाहायच्या होत्या. नवे स्ट्रेन वेल-१४ च्या जवळचे हवेत, पण हुबेहूब तेच नकोत. हुबेहूब असतील तर ती एकाच पेशीची संतती असू शकते आणि मग एकाच स्ट्रेनवरचे वर्णन टाळण्याचा सगळा खटाटोप वाया जातो. जेलवर पट्ट्या उमटल्या तेव्हा बरेचसे स्ट्रेन बाद झाले, ते दुसऱ्याच वंशातले होते. तीन उरले. त्यांतील एकाचा ठसा वेल-१४ शी पूर्णपणे जुळला, दोघांचा बहुतांशी जुळला पण काही पट्ट्या निराळ्या निघाल्या. ते दोघे आम्हाला हवे होते.

त्या दोघांचे १६एस क्रम काढायला दिले आहेत. चरबीतील आम्ले आणि श्वसनशृंखलेतील क्विनोन यांचे विश्लेषण तिन्ही स्ट्रेनचे एकत्र करायचे आहे. या कुळात एमके-६ हा क्विनोन आढळतो, तो यांच्यातही असायला हवा. परदेशी संग्रहाकडे टाइप स्ट्रेनची मागणी गेली आहे. तो आला की त्याचा जीनोम काढायचा आणि तो, वेल-१४ आणि नवे दोघे यांना एकाच माध्यमावर, एकाच तापमानाला, एकाच दिवशी वाढवून सगळ्या चाचण्या पुन्हा घ्यायच्या, कारण निरनिराळ्या प्रयोगशाळांनी निरनिराळ्या वेळी घेतलेल्या चाचण्यांचे आकडे शेजारी शेजारी मांडणे ही तुलना नव्हे. नाव सुचवण्याचा उत्साह प्रयोगशाळेत बराच आहे. तूर्त नळ्यांवर वेल-१४, वेल-३१ आणि वेल-३८ एवढेच लिहिलेले आहे.